निरोगी माणसाची नळी

पिंपरीच्या त्या छोट्या रुग्णालयात मी प्रयोगशाळेचा माणूस होतो, आणि शिवाय निरोगी माणूसही होतो. ही दुसरी नेमणूक तोंडी होती, पण मला तिचाच तोरा जास्त. एखाद्याच्या रक्तात बिघाड आहे असं म्हणायचं, तर शेजारी बिघाड नसलेलं रक्त ठेवून बघावं लागतं. ते दर वेळी आणायचं कुठून? डॉक्टरीणबाईंनी एकदा मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “तुम्हाला कधी काही होत नाही ना?”

“कधीच नाही,” मी छाती काढून म्हणालो.

तेव्हापासून प्रत्येक चाचणीत एक नळी माझी. घरी जाऊन मी सांगितलं की आपण आता प्रमाण ठरलो. बायको कणीक मळता मळता म्हणाली, “कशाचं?”

पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. बाजरीच्या रानांत कारखान्यांच्या भिंती उठत होत्या आणि लांबलांबून माणसं कामाला येत होती. बाई परदेशातून सांधेदुखीची एक नवी चाचणी शिकून आल्या होत्या. तोवर आमच्याकडे सांधे सुजले की वात, विषय संपला. बाई म्हणायच्या, सूज अनेक तऱ्हांची असते. एखादी तापामागून येते आणि महिन्या-दोन महिन्यांनी जाते. पण काही माणसांचं रक्त जंतूंसाठी ठेवलेली हत्यारं आपल्याच शरीरावर रोखतं. ती सूज मुक्काम ठोकते, बोटं वाकडी करते. या हत्यारांची चाहूल चाचणीत लागायची.

चाचणीला मेंढी लागायची. हसू नका, मीही हसलो होतो आणि पुढं महागात पडलं. मेंढीचं रक्त काढायचं, त्यातल्या तांबड्या पेशी धुऊन घ्यायच्या, त्यांना सशाच्या रक्तातून केलेल्या एका द्रवाचा पातळ हात द्यायचा आणि मग त्या माणसाच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पिवळ्या पाण्यात, सोडायच्या. नळ्या बर्फपेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी तळ बघायचा. निरोगी माणसाच्या नळीत पेशी घसरून मधोमध बसतात. कुंकवाची टिकली लावावी तशी घट्ट, गोल. रोग्याच्या नळीत त्या एकमेकींना चिकटून तळभर पसरतात, कडा फाटलेल्या फडक्यासारख्या. दर वेळी तीन नळ्या: एक पक्क्या रोग्याची, एक माझी, एक नव्या माणसाची.

आणि बाईंचा नियम असा, की मेंढी एकच. एकाच माणसाचं रक्त पुण्यात एक उत्तर देई आणि आमच्याकडे दुसरं, याचा त्यांना भारी राग. त्यांचं म्हणणं, प्रत्येक मेंढीच्या पेशींचा स्वभाव वेगळा, तेव्हा सशाचा द्रव किती घालायचा ते मेंढीगणिक बदलणार. तीन आठवडे खपून आम्ही ते माप दिघीच्या माळावरल्या एका धनगराच्या मेंढीवर बसवलं होतं. ती ओळखू यावी म्हणून मी तिच्या पाठीवर जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचा रुपयाएवढा ठिपका दिला. धनगर तिला जांभळी म्हणू लागला आणि मला डागदर. दोन्हींपैकी एकही दुरुस्त करावंसं मला वाटलं नाही.

अशात तो फिटर आला. नगरकडचा मुसलमान, तिशीच्या आतला, एका नव्या कारखान्यात तात्पुरता लागलेला. मागच्या महिन्यात ताप येऊन गेला आणि तेव्हापासून सकाळी बोटं वळेनात.

“सदऱ्याची बटनं खोलीतले दोस्त लावतात, राव,” तो मला म्हणाला. “रोज सकाळी नवरदेव बनवून कामावर धाडतात.”

हसला, पण हात मांडीखाली दडवले. कारखान्यात त्याला कायम करायची वेळ आली होती. तिथल्या साहेबानं बजावलं होतं: सोमवारी अकराच्या आत रुग्णालयाचा कागद आण. तापामागची सूज असेल तर कायम करू. जन्माचं दुखणं असेल तर यंत्रावर तुझं काम नाही. कायम झाला की तो आईला आणि बायकोला गावाहून आणणार होता. खोलीही बघून ठेवली होती.

शुक्रवारी मी सायकल मारत दिघीला गेलो. धनगर मेंढरं विकायला चाकणच्या बाजाराला गेला होता. मेंढवाड्यापाशी त्याचा म्हातारा बाप घोंगडी पांघरून बसलेला, आणि समोर सगळा कळप भादरलेला. दोन दिवसांपूर्वी कातरणी झाली होती. माझा जांभळा ठिपका लोकरीवर होता, आणि लोकर पोत्यात होती.

“कोनची पायजे?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“आपली नेहमीची.”

“मंग घ्या की.”

इथं मी म्हणायला हवं होतं, की बाबा, मला ओळखू येत नाही, दाखवा. पण ज्याला डागदर म्हणतात त्यानं मेंढी ओळखू येत नाही असं कसं कबूल करायचं? मी कळपातून दोन फेऱ्या मारल्या. एक मेंढी मान वर करून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हिनं ओळखलं. तिच्या मानेवर उरलेली बारीक लोकर कातरीनं साफ केली, शिरेतून रक्त काढलं, कापसाचा बोळा चिकटवला आणि शीळ घालत परत आलो.

शनिवारी नळ्या मांडल्या. रविवारी सकाळी बर्फपेटी उघडली. पक्क्या रोग्याची नळी पसरलेली, ठीक. फिटरची नळी पसरलेली. मग तिसरी उचलली.

माझी. पसरलेली. कडा फाटलेल्या.

मी नळी उजेडाकडे धरली, पुसली, परत धरली. तळ तोच. रविवार असल्यामुळं प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. बाई पुण्याला गेलेल्या, सोमवारी सकाळी येणार होत्या. निरोगी माणसाची नळी पसरली तर सगळी चाचणी रद्द धरायची, हे मला पाठ होतं. पाटीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात चाचणी नव्हतीच. डोक्यात एवढंच, की मला झालंय. ते रक्त स्वतःवर उलटणारं. उद्या बाईंना कळणार, परवा सगळ्यांना, आणि वाकड्या बोटांच्या माणसाला नळ्या कोण धरू देणार?

मी नळी मोरीत धुतली. वहीत माझ्या नावापुढं लिहिलं: टिकली.

मग दिवसभर बोटं मोजत बसलो. मूठ वळली की वाटे, आज जरा कमी वळली. दुपारी बायकोनं लोणच्याची बरणी पुढं केली, झाकण बसलंय म्हणून. मी घाबरून हातच लावला नाही. तिनं स्वतः पिळून उघडलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “प्रमाणाला आज काय झालं?”

सोमवारी बाई आल्या. फिटर बाहेर बाकावर, घोटून केलेली दाढी, धुतलेला सदरा. बाईंनी नळ्या पाहिल्या, माझी जागा रिकामी पाहिली.

“तुमची नळी?”

“नेहमीसारखी होती. सवयीनं धुऊन टाकली.”

बाईंनी वही बघितली आणि कागद लिहायला घेतला. फिटरला त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही, मुद्दाम ऐकलं नाही. पाकीट घेऊन तो माझ्यासमोरून गेला तेव्हा त्यानं हसण्याचा प्रयत्न केला.

“कागद इंग्रजीत हाय, भाऊ,” तो म्हणाला. “पण बाईंच्या चेहऱ्यावर मराठीत लिहिलेलं होतं.”

तो गेला असेल-नसेल दहा मिनिटं, बाहेर ओट्यावर बें-बें ऐकू आलं. दिघीचा धनगर दारात उभा, हातात दोरी, दोरीला मेंढी.

“डागदर, सुक्कीरवारी कुनाचं रगत काढलंसा?”

“जांभळीचं.”

“न्हाई. म्या बाजारातनं आलो तर भलतीच्याच मानंला बोळा. ही बगा तुमची जांभळी. हिचा डावा कान चिरल्याला हाय, कळपात दुसरीचा न्हाई. एवढ्या येळा रगत काढलंसा, आन तुमी कान न्हाई बगितला व्हय?”

मी कान बघितला. चिरलेला होता. माझी बोटं एकदम बरी झाली. भलत्या मेंढीच्या पेशी, आणि जांभळीचं माप. तेवढा द्रव त्या दुसरीच्या पेशींना जड झाला असणार. मग त्या कुणाच्याही रक्तात चिकटणारच. माझ्यात काही नव्हतं. कदाचित त्या फिटरमध्येही नव्हतं. आणि हे ओरडून सांगणारी एकच नळी होती, ती मी मोरीत धुतली होती.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते.

खोटं सांगणार नाही, पहिला विचार आला तो असा, की बाईंना काही न सांगता सायकल काढावी, फिटरला गाठावं, पाकीट मागून घ्यावं. पण नुसतं पाकीट परत घेऊन काय होणार? अकराला त्याच्या हातात दुसरा कागद हवा होता, आणि तो फक्त बाई लिहू शकत होत्या. मी आत गेलो.

“बाई, माझी नळी पसरली होती.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. कातरणी, ती ओळखीनं बघणारी मेंढी, मोरी. सांगताना माझं मलाच ते इतकं मूर्खासारखं वाटत होतं की मध्येच मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

“मग त्या माणसाचा कागद मी कशावर लिहिला?” त्यांनी विचारलं.

त्यांनी दोन ओळी खरडल्या: चाचणीत आमच्याकडून चूक झाली आहे, आधीचा कागद ग्राह्य धरू नये, निकाल उद्या. कागद माझ्या हातात देताना म्हणाल्या, “पळा.”

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी डबे मोजून घ्यावेत इतक्या सावकाश चाललेली. डब्यांच्या फटींतून पलीकडचा रस्ता दिसायचा आणि लपायचा. तिथं सायकली होत्या, माणसं होती, तो नव्हता. मी घंटी वाजवत राहिलो, मालगाडीला वाट करून द्यायला सांगितल्यासारखी. शेजारचा टांगेवाला म्हणाला, “वाजवा वाजवा, इंजिन बाजूला घेतील.”

कारखान्याच्या दारापाशी पोचलो तेव्हा घाम डोळ्यांत उतरला होता. पहारेकऱ्याच्या टेबलावरल्या घड्याळात अकराला पाच कमी. फिटर आत गेला नव्हता. दाराबाहेर बाभळीखाली बसला होता, गुडघ्यांवर पाकीट, त्यावर दोन्ही सुजलेले हात, वाऱ्यानं उडून जाईल म्हणून दाबून धरल्यासारखे.

“आत जायला पाय उचलंना, राव,” तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही कसे काय?”

“पाकीट द्या. हा दुसरा कागद घ्या.”

“ह्यात काय हाय?”

“माझी चूक आहे.”

त्यानं पाकीट सोडलं नाही. “म्हणजे मला दुखणं न्हाई?”

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण दोन दिवसांत खोटं पुरेसं झालं होतं. “माहीत नाही,” मी म्हणालो. “उद्या सकाळी कळेल. आज कुणालाच माहीत नाही, एवढंच खरं आहे.”

त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं, नवा कागद घेतला आणि आत गेला. परत येऊन म्हणाला, साहेबानं उद्यापर्यंत थांबतो म्हटलंय, वर एक दिवस न्हाई.

त्या दुपारी जांभळीचं रक्त ओट्यावरच काढलं. धनगरानं कान धरून दाखवला आणि बाईंनीही वाकून बघितला. नळ्यांवर या वेळी नावं नव्हती, आकडे होते. कुठला आकडा कुणाचा, तो कागद परिचारिकेच्या खिशात. मला बर्फपेटीला हात लावायची बंदी.

मंगळवारी सकाळी फिटर आणि मी एकाच बाकावर बसलो. चिरलेल्या कानाची सगळी हकीकत मी त्याला सांगून टाकली होती. बाईंनी पहिली नळी उजेडात धरली.

“एक. पसरलेली.”

फिटरचा गुडघा थरथरायला लागला. बाक आमच्या दोघांचा असल्यामुळं मीही थरथरलो.

“दोन,” बाई थांबल्या. “टिकली.”

पक्क्या रोग्याची नळी पसरणारच होती. म्हणजे ती पहिली असेल तर ठीक. नसेल तर फिटरची. नाहीतर माझी. मी तिसऱ्या नळीकडे बघू शकलो नाही, धनगराच्या मेंढीसारखा मान वळवून भिंत बघत राहिलो.

“तीन. टिकली.”

परिचारिकेनं कागद उघडला. एक नंबर पक्क्या रोग्याचा. दोन फिटर. तीन मी.

बाईंनी त्याची बोटं पुन्हा दाबून पाहिली आणि म्हणाल्या, नुसत्या नळीवर मी सही करत नाही. पण ही आणि तुमचा ताप दोन्ही धरले, तर ही सूज जाईल असं लिहिते. त्यांनी लिहिलं. फिटर कागद घेऊन गेला तो दीड महिन्यानं आला, कायम होऊन, आई आणि बायकोला गावाहून आणून. तोवर बाईंनी माझं एकट्याचं निरोगीपण काढून घेतलं होतं. एका माणसावर प्रमाण टांगायचं नाही, सहा जण हवेत: परिचारिका, माळी, औषधं देणारा, आणखी दोघं आणि यादीत शेवटी मी. माळ्याला ताप आल्यामुळं एक जागा रिकामी होती.

“माझं घ्या की,” फिटर म्हणाला आणि बाही सारली. बटण त्यानं स्वतः काढलं.

मी दंडाला रबरी नळी बांधली. “मूठ वळा.”

बोटं एकेक करत आत गेली, करंगळी सगळ्यांत शेवटी, जरा रेंगाळून. मूठ पुरी मिटली. मी सुई हातात घेतली, तर त्यानं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि आपला डावा कान माझ्यापुढं केला.

“आधी बघून घ्या, राव. हाच माणूस हाय ना?”