मुदत संपल्यावर चौदा मिनिटांनी

ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे आले की त्यांत प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात रोवायची आणि वरचा जबडा खालच्यावर नीट बसतो का, ते दहादा बघायची. लांब टेबलाच्या कोपऱ्यात तिचा पांढऱ्या भुकटीने माखलेला मोबाइल असे, आणि त्यात तिचे बुद्धिबळाचे डाव. एका चालीला तीन दिवसांची मुदत. हातातलं काम वाळेपर्यंत ती घोड्याचा नाहीतर उंटाचा विचार करी आणि घरी निघण्याआधी चाल पाठवून मोकळी होई.

हा नाद लावला सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले आणि उमेदीत पोस्टकार्डांवर डाव खेळलेले. एकदा समोरच्याचं कार्ड महिनाभर आलं नाही. नियमाने डाव बाबांचा झाला होता, पण त्यांनी उलट कार्ड टाकून खुशाली विचारली. माणूस आजारी निघाला. पुढे तो बरा झाला आणि त्याने बाबांना चांगलं धुतलं. ही हार बाबा अशी रंगवून सांगत, की कुणाला वाटावं, मोठं बक्षीसच मिळालंय.

लग्न होऊन आली तेव्हा तिला घोड्याची अडीच घरंही ठाऊक नव्हती. थोरल्या नणंदेने, म्हणजे ताईंनी, तिला बुद्धिबळाच्या एका संकेतस्थळावर खातं उघडून दिलं. ताई दुसऱ्या शहरात औषधांचं दुकान चालवायच्या. हिचा नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. मग घरात बोलायला बाबा, आणि घराबाहेर ताई. अकरा वर्षांत दोघींचे दोनशेवर डाव झाले. प्रत्येक चालीबरोबर दोन ओळी जायच्या: मुलाचा ताप, सांधेदुखी, कपाटात उंदीर. सख्ख्या बहिणींत नसेल इतकं मेतकूट जमलं होतं.

त्या वर्षी एका मोठ्या स्पर्धेत दोघी एकाच गटात आल्या. तिथला नियम असा, की मुदत संपली तरी डाव आपोआप संपत नाही. समोरच्याच्या पडद्यावर ‘वेळेचा दावा’ असं बटण येतं. दाबलं तर डाव त्याचा, नाही दाबलं तर खेळ चालू. दुसऱ्याच महिन्यात ताईंनी दुकान नव्या जागेत हलवलं आणि त्या गडबडीत त्यांची मुदत उलटली. हिच्या पडद्यावर बटण आलं. तिने त्याला हात लावला नाही. नुसतं लिहिलं, ‘ताई, बऱ्या आहात ना?’ दुसऱ्या दिवशी ताईंची चाल आली, सोबत भलंमोठं आभाराचं पत्र.

शेवटी दोघींचे गुण सारखे झाले आणि उरला दोघींमधलाच डाव. गटातून एकच जण अंतिम फेरीत जाणार होता. हिची दोन प्यादी जास्त होती, ताईंचा राजा कोपऱ्यात घुसमटला होता. त्यातच बाबा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात सगळी धावपळ तिची एकटीची. स्पर्धेत मुदत थांबवायला मिळणाऱ्या सुट्ट्या मुलाच्या परीक्षेत संपल्या होत्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिने ताईंना सांगितलं, की मुदत उद्या अकराच्या सुमारास संपतेय, काहीतरी चाल देऊन टाकते.

“अगं, घाईत काही खेळू नकोस,” ताई म्हणाल्या. “चांगला डाव नासवशील. तू बाबांचं बघ. डाव कुठे पळून जातोय?”

ती निर्धास्त झाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि सगळं ठीक झाल्याचं म्हणाले. तिने पहिला फोन ताईंनाच केला. दोघी फोनवर रडल्या. दुपारी नवऱ्याला निरोप धाडायला मोबाइल उघडला, तर वर सूचना होती: डाव समाप्त, वेळेच्या दाव्याने काळा विजयी. काळे मोहरे ताईंचे होते. तिला वाटलं, यंत्राचा घोटाळा असेल. तिने आयोजकांना लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: मुदत अकरा दहाला संपली, दावा अकरा चोवीसला झाला, दावा नियमात बसतो. फोन ठेवला तेव्हा अकरा वीस झाले होते. बाप सुखरूप असल्याचं ऐकल्यावर डोळे पुसायला ताईंना चार मिनिटं पुरली होती.

तीन दिवस तिने वाट पाहिली. ताईंचे फोन येत होते, पण बाबांच्या पथ्याखेरीज विषय नाही. शेवटी तिनेच विचारलं.

“हो, केला दावा,” ताई म्हणाल्या. “नियम सगळ्यांना सारखे. ही स्पर्धा आहे गं, घर नव्हे.”

“तुम्हीच म्हणालात, खेळू नकोस.”

“मी काळजीपोटी म्हणाले. तू त्याचा भलता अर्थ काढतेस.”

तिने फोन ठेवला. त्या आठवड्यात तिने एका म्हातारीची कवळी दोनदा बिघडवली.

महिन्याने ताई बापाला भेटायला आल्या. बाबा काठीच्या आधाराने खुर्चीत बसू लागले होते. त्यांनी डाव मांडून दाखवायला सांगितलं. पट लागला. पांढरा इतका वरचढ असताना हरला कसा, हे त्यांना कळेना. ताईंनी वेळेच्या दाव्याचं सांगितलं, आणि तारीख विचारल्यावर शस्त्रक्रियेच्या दिवसाची तारीखही, अगदी सरळ आवाजात. बाबांनी पांढऱ्याचं एक प्यादं उचललं आणि परत जागेवर ठेवलं. सून दाराशी उभी होती. आता ते ताईंना बोलतील, असं तिला वाटलं; खरं तर ती एवढ्यासाठीच महिनाभर गप्प राहिली होती.

“बरं,” बाबा म्हणाले, “अंतिम फेरीत पहिला डाव कोणाशी आहे तुझा?”

ती आत गेली. भांडी घासताना बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. बाबा लेकीला वजीर लवकर काढू नकोस म्हणून बजावत होते, आणि ताई हसत होत्या.

अंतिम फेरीत ताई चौथ्या आल्या. घरच्यांच्या मोबाइलवरच्या गटावर त्यांचा फोटो आला, सगळ्यांनी कौतुक केलं, बोटीवरून नवऱ्यानेही. हिने फोटो पाहिला आणि मोबाइल उलटा ठेवला. बाबांना ती पूर्वीसारखंच औषध देते, आधार देऊन फिरवते. संध्याकाळी ते पट काढतात, तेव्हा मात्र तिला काहीतरी काम निघतं.

खेळणं तिने सोडलं नाही. पुढच्या स्पर्धेच्या अर्जात ‘विशेष विनंती’ असा रकाना होता. त्यात तिने ताईंच्या खात्याचं नाव लिहून, या खेळाडूच्या गटात मला टाकू नये, असं कळवलं. कारणाची जागा तिने कोरी सोडली.