खांद्यावरचा गॅस

पित्ताशयाच्या पेशंटचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, साचत जातात. कामशेतच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी सिस्टर आहे. राउंडला "दहापैकी किती दुखतंय?" एवढंच विचारायचं, बाकीचं माणसं आपणहून सांगतात.

दुर्बिणीच्या ऑपरेशनची भोकं पोटाला, आणि दुखतो खांदा! ऑपरेशनसाठी पोट गॅसने फुगवतात. आमचे सर शेवटी पोट दाबून तो काढतात, तरी थोडा आत राहतो आणि त्याची कळ उजव्या खांद्यात येते. गोळी घ्या, जरा चाला, दोन दिवसांत जाते. हे मी झोपेतसुद्धा सांगेन.

*

लोणावळ्याच्या एका शिक्षिका बाईंना ते पटेना. आरशात खांदा तपासून मला म्हणाल्या, "सिस्टर, इथे कुणी हात ठेवला होता? अजून गार लागतंय." मी गॅसचं सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, पण घरी जाईपर्यंत खांद्यावरची शाल काही काढली नाही.

*

उर्से टोलनाक्यावर कामाला असलेला एक जण. मागून कुणीतरी खांदा धरतंय म्हणून त्याने बेड भिंतीला लावून घेतला. जेवणाच्या वेळी विचारलं, आता बरं वाटतंय ना?

"न्हाई ओ. आता त्याला मागं सरकायला जागाच न्हाई."

मला हसू आलं. पण चादर बदलताना भिंतीकडच्या फटीत हात घालायचं मी टाळलं, हे खरं.

*

आणि इंदुरीचे आबा. सत्तरीचे शेतकरी. दहापैकी दहा सांगायचे, पण गोळी घेईनात, बेडवरून उठेनात. असे पडून राहिले तर त्यांना घरी कसं सोडणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलेच. तेव्हा कळलं. थोरल्या भावाशी बारा वर्षं बोलणं नव्हतं. गेल्या वर्षी तो वारला. तिरडी यांच्या बांधावरून गेली आणि हे शेतात नुसते उभे राहिले. खांदा दिला नाही.

"आबा, गॅस आहे तो."

"गॅसला वजन आसतंय व्हय?"

मला वाईट वाटलं. म्हटलं, "मग उठा. पोचवून येऊ त्यांना."

आबा उठले. उजवा हात खांद्याशी नेऊन काहीतरी पेलल्यासारखा धरला आणि अनवाणी चालू लागले. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी मागोमाग, पडले तर सावरावं म्हणून हात पुढे करून. मध्यावर ते विसाव्याला थांबतात तसे थांबले. मग टोकाच्या खिडकीपाशी हळूच वाकले, खाली काहीतरी ठेवलं, आणि खांदा मोकळा हलवत परत आले.

"दहापैकी किती, आबा?"

"शून्य."

मी तक्त्यावर लिहिलं. आबा कॉरिडॉरकडे बघत होते.

"पन सिस्टर, तिरडीला चौघं लागत्यात. पुडं मी, मागं तुमी. पल्याडच्या अंगाची दोघं कोन व्हती?"