जिथे शत्रू आलाच नाही

२०१० साली देशातून सहा महिन्यांसाठी हॅमिल्टनला आमच्याकडे आलेल्या बाबांना मी एका रविवारी समुद्राकाठच्या टेकड्यांवर फिरायला नेलं. वाट गोल फिरून पुन्हा गाडीपाशी येणारी, तीन तासांची. जादा शिफ्ट करून मी आधीच थकलो होतो आणि बाबा सत्तरीचे. छोटं गाव मागे पडलं, मग नुसती मानुकाची खुरटी झुडपं आणि वारा. अर्ध्यावर बाबांचे गुडघे दुखायला लागले. मागे फिरलो तरी अंतर तेवढंच होतं.

तिथे महायुद्धातला काँक्रीटचा बंकर होता. आडोशाला आम्ही आत बसलो. दारातली पाटी मी त्यांना मराठीत सांगितली: जपानी येतील म्हणून इथे तोफ बसवली होती, पण कुणी आलंच नाही.

"म्हणजे इथली पोरं सगळी घरी गेली?"

"गेली असतील."

बाबा फटीतून समुद्राकडे बघत राहिले. "माझा थोरला भाऊ इटलीत मारला गेला. पलटणीचं पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं, मी नुकताच शिकलो होतो. मीच वाचलं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. घरात त्या काकांचा फोटोसुद्धा नव्हता.

"आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, नीट वाच. तुझं चुकलं असेल."

मी त्यांना हात देऊन उठवलं. उरलेली वाट ते माझ्या खांद्यावर भार टाकून चालले.