बाबांच्या पोटावरचे निळे डाग

आई गेल्यावर मी बाबांना साताऱ्याहून चेन्नईला, आवडी नावाच्या उपनगरातल्या माझ्या भाड्याच्या घरी आणलं. चार महिन्यांतच ते बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी इंग्रजीत बजावलं, "महिनाभर रोज पोटात एक इंजेक्शन. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. एकही चुकवू नका. आणि रोज चालवा."

इंजेक्शन मीच द्यायचे. मुलीसमोर कधी उघड्या अंगानं न बसलेल्या बाबांनी पहिल्या दिवशी तोंड भिंतीकडे वळवलं. आठवडाभरात त्यांचं पोट काळंनिळं पडलं. चालायचं नाव काढलं की ते डोळे मिटून घ्यायचे.

दहाव्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं. "बास गं आता. किती टोचशील?" शाळेत जन्मभर वर्ग धाकात ठेवणारा माणूस माझ्यापुढे गयावया करत होता. माझ्यानं बघवेना. मी सुई ठेवून दिली. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या सकाळी पोटरी सुजून टम्म झाली होती. हात लावला तर गरम. मी अँब्युलन्सला फोन लावला. पण तमिळमध्ये पत्ता सांगता येईना. शेवटी वरच्या मजल्यावरच्या तमिळ शेजारीणबाईंनी, मामींनी, माझ्या हातून फोन घेतला आणि पत्ता सांगितला. वाटेत मी सारखी विचारत होते, "बाबा, धाप लागतेय? छातीत दुखतंय?" ते नुसती मान हलवत होते. ती हो होती की नाही, तेही कळत नव्हतं.

"एखादा डोस चुकला का?" डॉक्टरांनी विचारलं.

इंग्रजी बाबांना कळलं, पण ते बोलले मराठीत. "मीच नको म्हणालो. पोरीची चूक नाही. सांग त्यांना."

मराठी न कळून डॉक्टर माझ्याकडे वळले. मी इंग्रजीत एवढंच सांगितलं, "दोन डोस चुकले. मी दिले नाहीत."

सोनोग्राफीत मांडीपर्यंत गाठ दिसली. फुप्फुसात गेली नव्हती. बाबा वाचले. सगळे डोस घेऊनही कधीकधी गाठ होते, असं डॉक्टर म्हणाले. मामींनीही तेच समजावलं. मला ते अजून पटलेलं नाही.

आता बाबा काठी टेकत गॅलरीपर्यंत जातात. मी दिवसभर इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात कामाला असते. दुपारी घरून फोन आला, की तो उचलताच मी आधी विचारते, "बाबा, धाप लागतेय?".