डोलकाठीवरचा भारा

सत्तावन्नाव्या वर्षी मी जहाजाच्या डोलकाठीवर चढले, आणि एकदा फजिती झाल्यावर पुन्हा चढले. हे मी तोंड वर करून सांगते, कारण दोन्ही वेळा मला खाली बसवायला माणसं टपलेली होती.

त्यातली पहिली माझी मोठी जाऊ. माझी मुलगी परदेशात नोकरीला आहे. तिथे शंभर वर्षांपूर्वीची शिडाची जहाजं दुरुस्त करून पुन्हा पाण्यात सोडतात, सुट्टीवर आलेल्या लोकांना आठवडाभर फिरवतात, आणि दोर ओढायला, शिडं गुंडाळायला त्याच लोकांना लावतात. मुलीने तिचं आणि माझं नाव घातलं. हे कळल्यावर जाऊबाई भर अंगणात म्हणाल्या, "कायले जाऊन राहिली वो? या वयात डुबाले? करडी गावच्या बाजारात जाऊन आली तरी तुझे गुडघे दुखतेत."

मी म्हटलं, "इथं दुखतेतच ना बाई. तिथं दुखू द्या."

जहाजाला तीन डोलकाठ्या होत्या. प्रत्येकीवर आडवी लाकडं, आणि त्या लाकडांवरून लोंबणारी शिडं. पाऊल ठेवताना मी चपला काढून हातात घेतल्या, खळ्यात शिरताना काढतो तशा. मुलगी लाजली. मी लाजले नाही. ते जहाज खळ्यापेक्षा कमी मानाचं, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

खलाशांवर मुकादम होती ती माझ्याच वयाची एक बाई, उन्हाने रापलेली आणि कमी बोलणारी. तिचं इंग्रजी मला अर्धं कळायचं, उरलेलं मुलगी सांगायची. ज्याला वर चढायचं त्याने चढावं, कोणावर जबरदस्ती नाही, असा तिचा नियम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, कोण येतं? मुलगी मागे सरकली. तिला उंचीची भीती वाटते. मी पुढे झाले.

भीती मलाही वाटली. कमरेला पट्टा होता, पायांखाली एक झुलता दोर, आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं. पण शीड ओढून, घड्या घालून लाकडावर गुंडाळलं, तेव्हा मला समोर चक्क धानाचा भारा दिसला. मग भीती कशाची? भारे बांधण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. तणसाला, म्हणजे धानाच्या पेंढ्याला, पीळ देऊन त्याचा बंद करायचा, भाऱ्याभोवती आवळायचा, दोन्ही टोकं एकत्र पिळून आत खोचायची. गाठ मारायची नाही, कारण वाळलेली गाठ सुटत नाही, विळ्याने कापावी लागते. मुकादम माझ्या शेजारच्याला आपली गाठ शिकवत होती. मी तिकडे बघितलंही नाही. माझ्या वाटणीचे चार दोर मी पीळ देऊन खोचले आणि ऐटीत खाली उतरले.

तणस खरखरीत असतं, धरून ठेवतं. जहाजाचा दोर गुळगुळीत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी वारा वाढला आणि वर फडफड सुरू झाली. माझे चारही दोर निसटून शीड मोकळं झालं होतं. अशा वाऱ्यात दोन खलाशांना वर जाऊन ते आवरावं लागलं. मुकादमने सगळ्यांना गोळा करून विचारलं, हे कोणी बांधलं होतं? मी हात वर केला. मुलीने तो खाली ओढला. मी पुन्हा वर केला.

उद्यापासून तुम्ही खालची कामं करा, असं मुकादम म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच लागलं.

"आई, झाली ना हौस?" मुलगी म्हणाली. "आता खुर्चीवर बस. तुले काही झालं त मी घरी काय सांगू?"

"बांधाले चुकली मी. चढाले नाही."

मी मुकादमकडे गेले, हातानेच खूण करून दोराचा एक तुकडा मागितला आणि तिची गाठ दाखवायला लावली. कशी सोडायची ते माहीत असेल तर ती एका झटक्यात सुटते, नाहीतर ओढाल तितकी आवळते. पुढचे दोन दिवस मी जहाजावरच्या प्रत्येक बाकाच्या पायाला ती बांधली. मुलगी येता-जाता म्हणायची, "समुद्र तरी पाहून घे." समुद्र कुठे पळून जात नव्हता.

पाचव्या दिवशी मी मुकादमसमोर बसले, डोळे मिटले आणि बाकाला गाठ मारली. तिने पाय रोवून दोर ओढला. मग डोलकाठीकडे बोट दाखवलं.

मुलीने माझ्या पट्ट्याचं कडं तीनदा तपासलं. मी तिच्या हातांवर हात ठेवला आणि चढले. माझ्यामागून मुकादम वर आली, माझी प्रत्येक गाठ हिसकून बघितली आणि खाली उतरली. बंदराला लागेपर्यंत ते शीड हललं नाही. जहाजावरून उतरताना मी सरावाचा तो दोराचा तुकडा परत द्यायला गेले, तर तिने तो माझ्याच हातात ठेवला.

यंदा धान कापल्यावर एक भारा मी मुद्दाम त्या दोराने बांधला. मळणीच्या दिवशी नेमका तोच जाऊबाईंच्या हाती लागला. त्यांनी ओढला, दातओठ खाऊन ओढला, गाठ आणखी आवळली.

"हे काय बांधून ठेवलं वो? विळा आण."

"विळा कायले?" मी म्हटलं. "तुम्ही बाजूले सरका, बाई."

जाऊबाई सरकल्या.