पंचवीस डिग्रीचं दूध

मागच्या मंगळवारी सकाळी पणदऱ्यात आमच्या गाईचं दूध डेअरीनं परत पाठवलं. कारण एका शब्दात सांगितलं… पाणी.

डेअरीचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. म्हणून सेक्रेटरी तात्यांनी कपाटातून जुना काचेचा लॅक्टोमीटर काढला. तो दुधात सोडायचा, तरंगला की दांडीवरचा आकडा वाचायचा. आमची डिग्री आली पंचवीस. हवी होती अठ्ठावीस.

आई एवढंच म्हणाली की दूध गोठ्यातून थेट आणलंय. रांगेतलं कुणीतरी हसलं. ती कॅन उचलून घरी आली. आमचं घर डेअरीला लागून आहे, मध्ये एक भिंत… पलीकडचं बोलणं गोठ्यात स्पष्ट ऐकू येतं.

मी बारामतीच्या कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय तत्त्वज्ञान, वर्गात सहा जण. गावात मला एकच प्रश्न विचारतात… त्याचं पुढं करायचं काय?

त्या संध्याकाळी धार वेळेवर निघाली, पण आई डेअरीत जाईना. एसटीनं मी घरी पोचले तेव्हा कॅन ओट्यावर तसाच होता. डेअरी बंद व्हायच्या आत मीच घेऊन गेले. डिग्री अठ्ठावीस.

तात्यांनी दूध घेतलं आणि म्हणाले, "एकदा बोललं की दूध सुधारतं बघ."

बुधवारी सकाळी आई स्वतः गेली. पुन्हा पंचवीस, पुन्हा परत. तिसऱ्यांदा असं झालं तर नाव फळ्यावर लिहायचं आणि खातं बंद करायचं, असा डेअरीचा नियम आहे. फळा रस्त्यावरून दिसतो. त्यावर एकदा नाव आलं की ते लोकांच्या तोंडून पुसलं जात नाही.

बुधवारी वर्गात न्यायदर्शनातले हेत्वाभास चालू होते. म्हणजे दिसायला बरोबर, पण आतून पोकळ असणारी कारणं. धूर आहे तिथे आग असते. पण आग आहे तिथे धूर असेलच असं नाही… तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. मॅडम म्हणाल्या, नियम मोडायला असं एक उदाहरण पुरतं.

मी वहीत दोन वाक्यं लिहिली. पाणी घातलं की डिग्री उतरते. डिग्री उतरली, म्हणजे पाणी घातलं. पहिलं खरं आहे. तात्या दुसरं म्हणत होते, आणि सगळा गाव ते पहिलंच समजून चालला होता.

मला लोखंडी गोळा हवा होता. पाण्याचा थेंब नसलेलं, तरीही पंचवीस डिग्रीचं दूध.

एसटीत बसल्यावर मंगळवारची संध्याकाळ आठवली. गाय तीच, कॅन तोच, धार काढणारी आईच. वेगळं काय होतं? दूध तासभर ओट्यावर थांबलं होतं… एवढंच.

उतरल्यावर तशीच डेअरीत गेले. उद्या धार काढताना समोर येऊन बसा, येताना लॅक्टोमीटर आणा, असं तात्यांना सांगितलं.

"येतो की. कॉलेजवाल्यांनी बोलावल्यावर यायलाच पायजे."

गुरुवारी ते आले. बादली त्यांनी स्वतः पालथी करून पाहिली, खांद्यावरच्या टॉवेलनं आतून कोरडी केली. भिंतीपलीकडून चार-पाच जण डोकावत होते. आईनं धार काढली. ते दूध उंच बरणीत ओतून तात्यांनी काच सोडली.

पंचवीस.

काच पुसून पुन्हा सोडली. पंचवीस.

"तात्या, पाणी कुणी घातलं?" मी विचारलं.

"गाईनंच घातलं आसंल," भिंतीवरून एक जण म्हणाला. पण तात्या हुशार माणूस. ते म्हणाले, "मग तुमच्या गाईचं दूधच पातळ हाय."

मला हेच हवं होतं. मी म्हटलं, हेच दूध तासाभरानं मोजू. बरणी हौदाच्या गार पाण्यात ठेवली. तात्या तिच्यावर हात ठेवून बसले. आईनं चहा दिला, तो त्यांनी डाव्या हातानं घेतला… उजवा बरणीवरून हलवला नाही.

तासानं काच सोडली. तात्यांनी वाकून आकडा वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं.

कोमट दूध हलकं असतं. काच त्यात जास्त बुडते, आकडा कमी येतो. बाकीच्यांचं दूध वस्त्यांवरून येतं, वाटेत निवतं. आमचं दोन मिनिटांत पोचत होतं. जवळ राहण्याची शिक्षा होती ती!

तात्यांनी त्याच दिवशी खडूनं फळ्यावर लिहिलं, 'दूध निवल्यावर मोजले जाईल.' खाली सही केली. शुक्रवारी आई रांगेत सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली आणि अर्धा तास जागची हलली नाही. कॅन पायाशी, मान ताठ. माझ्या पदवीदानाला ती यापेक्षा ताठ उभी राहील असं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती, ती मी तिला काल सांगितली. मंगळवारी सकाळी तिनं कॅन परत आणला तेव्हा क्षणभर मलाही वाटलं होतं… घातलं असेल का हिनं?

ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"मला कळलं हुतं. तुझी नजरच सांगत हुती." भाकरी तव्यावर टाकून मग म्हणाली, "शंका आली तर आली. तू तिथंच थांबली न्हाईस, हे बरं केलंस."

तीन वर्षं मी हेच शिकत होते. इतक्या थोड्या शब्दांत मला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.