गळालेल्या मात्रांचा अर्ज

मोहाडीत तहसील कचेरीच्या समोर टिनाच्या टपऱ्यांची एक रांग आहे. त्यातल्या दुसऱ्या टपरीत गुलाबभाऊ रामटेके बसतात. धंदा अर्ज लिहून देण्याचा. उत्पन्नाचा दाखला, फेरफार, वारसनोंद, काय हवं ते सांगा. माणूस बोलत असतानाच त्यांची बोटं चालू लागतात. सुरुवात झाली टाइपरायटरवर. तिथे काना वेगळा ठोकायचा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. घाईच्या दिवशी बाकीचे लोक एखादी मात्रा गिळून टाकत. गुलाबभाऊंनी कधी गिळली नाही. समोरचा चुळबुळ करू लागला की म्हणत, "थांबा जी. नाव तुमचं हाय, ते पुरं जाऊ द्या."

त्याला कारण होतं. त्यांच्या आईचं नाव पार्वताबाई. कुठल्याशा जुन्या दप्तरात कुणीतरी ते 'पर्वतबाई' करून ठेवलं होतं. पार्वताबाई आणि पर्वतबाई ही एकच बाई आहे, हे पटवायला तिला दोन उन्हाळे हेलपाटे घालावे लागले. तेव्हा गुलाब एकोणीस वर्षांचा होता. आईबरोबर बाकावर बसून बसून त्याला ते कार्यालय पाठ झालं होतं. "दोन काने लावाले येवढे हात दुखते काय याईचे?" आई विचारायची. पुढे टायपिंगच्या क्लासला नाव घातलं, ते त्याच रागात.

कॉम्प्युटर आला तसा तोही ते शिकले. एकच मजकूर दिवसात तीस वेळा टाइप करण्याचा कंटाळा आला म्हणून छोटे छोटे प्रोग्राम लिहू लागले. पुस्तकं इंग्रजी. शेजारी शब्दकोश उघडा ठेवायचा आणि एकेक ओळ सोडवायची. बायको तुळसा म्हणायची, "दहावीले येवढा अभ्यास केला असता तं आज कचेरीच्या आत बसले असते तुमी." गुलाबभाऊ हसत. आत बसण्याची त्यांना हौस नव्हती.

दोन वर्षांपूर्वी टिकाराम त्यांच्याकडे आले. टिकाराम म्हणजे जवळच्या खेड्यातले धानाचे शेतकरी, पंधरा-वीस जणांच्या गटाचे पुढारी. गटानं धानावर टिपणं लिहून काढली होती. रोवणीत एका जागी किती काड्या लावायच्या, बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी कधी सोडायचं, कोणती कीड कशी ओळखायची. अशी एकशे त्रेचाळीस टिपणं. "फोनवर दिसली पाह्यजे, अन् नेटवर्क नसल्यासारखं असलं तरी उघडली पाह्यजे," एवढीच अट.

गुलाबभाऊंनी त्यासाठी 'पेबल' नावाचं फुकट मिळणारं साधन निवडलं. साध्या मजकुराच्या फायली त्याला द्यायच्या. तो त्यांची आयती पानं करून ठेवतो, आणि प्रत्येक पानाचा पत्ता शीर्षकावरून स्वतःच बनवतो. वाचणाऱ्यानं मागितलं की तयार पान हातात. मध्ये दुसरी काही यंत्रणा नाही, म्हणून हलकं. गुलाबभाऊंनी टिपणं घातली, वेबसाइट चढवली, टिकारामांना कळवलं.

तासाभरात फोन आला. "गुलाबभाऊ, मी कीड दाबली तं कोंडा निघून राहिला."

"पुन्हा दाबा."

"दाबली. कोंडाच हाय. अन् काडी दाबली तरी कोंडाच. सगळा कोंडाच भरला काय जी तुमी?"

गुलाबभाऊंनी पानं मोजली. एकशे त्रेचाळीस टिपणांची एकशे एकवीसच पानं झाली होती. मग त्यांनी पत्ते वाचायला घेतले आणि वाचता वाचता त्यांचे कान तापले. 'तुडतुडे' या किडीच्या पानाचा पत्ता होता 'तडतड'. 'खोडकिडा'चा 'खडकड'. काडी, कीड, कोंडा तिन्हींचा पत्ता एकच, 'कड'. शेवटी बनलं ते कोंड्याचं पान, म्हणून ते आधीच्या दोघांच्या जागेवर जाऊन बसलं होतं. पेबल शीर्षकातली अक्षरं ठेवत होता, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना कचरा समजून फेकून देत होता.

पेबल ज्यानं बनवला तो हेन्रिक, युरोपातल्या एका थंड देशातला. चुका कळवायला त्यानं इंटरनेटवर जागा ठेवली होती. तिथे गुलाबभाऊंनी त्यांना येत होतं तसंच लिहिलं. वर विषय, मग वस्तुस्थिती, मग मागणी: 'मात्रा हा अक्षराचाच भाग समजावा.' सोबत पानांची चित्रं. सगळं मराठीत.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कृपया इंग्रजीत लिहावं. शिवाय ही चूक नव्हे. पत्ते रोमन लिपीतच ठेवण्याची पद्धत आहे, तुम्हीही शीर्षकाला रोमन नाव द्या. खाली शेरा: तक्रार बंद.

त्यांची मुलगी मनाली नागपूरला नर्सिंग शिकत होती. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं. "बाबा, देऊन टाका ना रोमन नावं. एका दिवसाचं काम आहे. टिकारामकाकांना काय फरक पडते?"

"त्यायले नाही पडत. मले पडते."

"पण त्याचं साधन आहे. तो म्हणते तसं वापरावं लागन."

"साधन सगळ्याईसाठी हाय असं त्यानंच लिहून ठेवलं हाय वर. मग मी सगळ्याईत येतो का नाही, येवढं त्यानं सांगावं."

मनालीनं त्यांचा अर्ज इंग्रजीत करून दिला. त्यांनी तो मराठीच्या खाली जोडला. मराठी काढली नाही. हेन्रिकनं लिहिलं, की समजलं, पण करायला कुणाला वेळ नाही. 'वेळ माझ्याकडे आहे,' गुलाबभाऊंनी उत्तर दिलं.

त्या उन्हाळ्यात दुपारी टपरीत गिऱ्हाईक नसे. पंख्याखाली बसून ते पेबलच्या पोटात शिरले. हजारो ओळी होत्या. नडणारी ओळ सापडायला नऊ दिवस लागले, आणि सापडली तेव्हा ती बोटभर निघाली. 'अक्षर आणि आकडे ठेवा, बाकी काढा.' यंत्राच्या हिशेबात 'क' अक्षर होतं आणि त्याची मात्रा नुसती खूण होती. ओळ बदलणं सोपं होतं. पण बदलली तर ज्यांच्या वेबसाइटी आधीच चालू होत्या त्यांचे जुने पत्ते मोडले असते. म्हणून त्यांनी सेटिंग केलं: चालू केलं की मात्रा राहतात. जुने पत्ते नव्यांकडे वळवायची सोय केली. पन्नास शब्दांची चाचणीही लिहिली. दोनदा सगळं फसलं. एकदा तर रकार फुटून शब्दाच्या मधोमध जाऊन पडला. तुळसा डबा घेऊन आली की विचारायची, "अजी, भेटली का तुमची मात्रा?" नंतर नंतर तिनं विचारणं सोडलं आणि डबा नुसता पुढे सरकवू लागली.

जूनमध्ये त्यांनी बदल पाठवला. हेन्रिकनं तो सहा आठवडे उघडलाही नाही. गुलाबभाऊ दर सोमवारी स्मरणपत्र टाकत. 'दिनांक अमुकच्या अर्जास अनुसरून.' चौथ्या सोमवारी त्याखाली एका नेपाळी बाईनं लिहिलं, माझीही वेबसाइट अशीच मोडली आहे. मग जाफन्याचा एक तमिळ माणूस आला, मग ढाक्याचा एक शिक्षक. पंधरवड्यात सतरा जण जमले. त्यांच्यातले कित्येक वर्षानुवर्षं रोमन नावं देऊन गप्प बसले होते.

आता हेन्रिकनं उघडून पाहिलं. काम नीट होतं, ते त्यानं कबूल केलं. पण सोबत माहितीपुस्तिकेचं पान हवं होतं, वापरणाऱ्यांसाठी. गुलाबभाऊंनी ते दोन भाषांत दिलं, आधी मराठी. इंग्रजी मनालीनं तपासलं. मराठीत त्यांनी कचेरीसमोरच्या माणसाला समजावं तसं लिहिलं होतं: आधी काय बिघडतं ते, मग काय करायचं ते, उदाहरणाला कीड, कोंडा आणि तुडतुडे.

'मराठी पान मी कसं तपासणार?' हेन्रिकनं विचारलं. 'आणि पुढे ते सांभाळणार कोण? मशीन भाषांतर करतंच की.'

गुलाबभाऊंनी मशीनला ते पान इंग्रजीतून मराठीत करायला लावलं आणि जसंच्या तसं हेन्रिकला पाठवलं. त्यात तुडतुड्यांच्या 'लीफहॉपर' या इंग्रजी नावाचं 'उड्या मारणारी पाने' झालं होतं. खाली ती चूक इंग्रजीत दाखवली आणि एक ओळ लिहिली: 'सांभाळणार मी.'

'किती वर्षं?'

'डोळे चालतील तितकी.'

ऑक्टोबरात बदल स्वीकारला गेला. मराठी पानासकट. काम करणाऱ्यांच्या यादीत नाव घालायला त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी देवनागरीत घातलं, आणि ते तसंच राहिलं. टिकारामांच्या वेबसाइटवर एकशे त्रेचाळीस पानं उभी राहिली. नाकाडोंगरीच्या एका शेतकऱ्यानं बांधीत उभं राहून तुडतुड्यांचं पान उघडलं आणि टिकारामांना फोन करून किडीबद्दलच चार शंका विचारल्या. पत्त्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

तुळसानं त्या दिवशी विचारलं, "झालं ना आता मनासारखं?"

"अर्धं झालं," गुलाबभाऊ म्हणाले.

कारण सेटिंग मुळात बंद होतं. नवा माणूस पेबल घेईल, तर त्याच्या मात्रा आधी गळणार आणि मग तो शोधत शोधत या पानापर्यंत येणार. गुलाबभाऊंनी ते मुळातच चालू ठेवा म्हणून भांडून पाहिलं. पुढच्या मोठ्या आवृत्तीत बघू, असं उत्तर मिळालं. तेव्हा त्यांनी मराठी पानावर पहिल्याच परिच्छेदात भर घातली: 'ही सोय आपोआप चालू नसते. ती चालू नसणे ही चूक आहे.'

हेन्रिकनं ते मशीनमधून वाचलं असावं. त्यानं लिहिलं, की माहितीपुस्तिकेत असं मत लिहीत नाहीत, दुसरं वाक्य कृपया काढावं.

गुलाबभाऊंसमोर तेव्हा एक बाई बसली होती, वारसनोंदीसाठी. तिचा अर्ज त्यांनी पुरा केला, वाचून दाखवला, तिचा अंगठा घेतला. मग खुर्ची वळवून दोन बोटांनी उत्तर टाइप केलं: 'तुम्ही चूक काढा, मी वाक्य काढतो.'

वाक्य अजून तिथे आहे.